निपाणीच्या बोअरचं पाणी, दोन फुटी टँक आणि फिके पडलेले रेनबो

निपाणीहून एका पोरानं विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगतो. दोन फुटी टँक, आत भरगच्च झाडं, त्यात कोल्हापूरच्या दुकानातून आणलेले सहा ड्वार्फ निऑन रेनबो. दुकानात निळेशार दिसणारे मासे घरी आल्यावर पंधरा दिवसांत पांढुरके पडले. दोन उडी मारून बाहेर पडले आणि वाळून गेले. जूनमध्ये दीड दिवस वीज नव्हती, तेव्हा आणखी एक गेला. पाणी बोअरचं, टीडीएस ४८०. कोणीतरी सांगितलंय की आरओ बसवल्याशिवाय रेनबो जमत नाहीत. "काका, आरओ घेऊ की मासे बदलू?"

आरओ घेऊ नको. मासेही आत्ताच बदलू नको. टँक बदल, आणि ते जमत नसेल तर निदान मधली झाडं उपट.

हे वाचून तुला राग येईल, कारण ती झाडं तू सहा महिने खपून वाढवली असणार. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलं, निवृत्तीच्या आधीपासून शहापुरातल्या घरी टँक स्वतः चिकटवतोय, आणि झाडांचा नाद मलाही आहे. पण रेनबो पाळायचे तर झाडं लावायची ती मधली मोकळी जागा राखण्यासाठी. शेताला बांध असतो ना, तशी. बांधावरच झाडं असतात, आत पीक मोकळं असतं. तुझ्या टँकमध्ये सगळा बांधच झालाय.

हा मासा मूळचा न्यू गिनी बेटाच्या उत्तरेकडच्या मांबेरामो नदीच्या खोऱ्यातला, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या पापुआमधला. वेबर आणि द बोफोर्ट या दोघा अभ्यासकांनी १९२२ साली त्याला मेलानोटेनिया प्रीकॉक्स असं नाव दिलं. प्रीकॉक्स म्हणजे लवकर पिकणारा. मोठ्या नदीच्या पात्रापेक्षा जंगलातून वाहत येणाऱ्या छोट्या ओढ्यांत तो राहतो. असा ओढा कसा असतो ते समजून घ्यायला पापुआला जायला नको. दिवाळीनंतर खानापुराहून जांबोटीच्या बाजूला जा आणि एखाद्या ओढ्याच्या काठावर अर्धा तास बस. काठाला झुडपं वाकलेली, मुळं पाण्यात लोंबणारी, पाचोळा साठलेला, आणि मधे स्वच्छ धार. बारीक मासे त्या धारेत असतात. तुझी सावली पडली की झर्रकन काठाच्या मुळांत शिरतात आणि मिनिटभरात पुन्हा धारेत येतात. मासे आपले वेगळे, पण वागणं तेच. त्यांना दोन्ही लागतं, लपायला काठ आणि पळायला धार. तुझ्याकडे काठ आहे, धार नाही.

दोन फुटी टँकमध्ये अडचण लिटरची नाही, लांबीची आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच म्हणजे साधारण सत्तर लिटर. सहा सेंटीमीटरच्या माशाला सत्तर लिटर कागदावर पुरतं. पण हा मासा दिवसभर इकडून तिकडे सुसाट पळणारा. शेपटीचे चार फटके मारले की समोर काच. मग तो वळतो, पुन्हा काच. अशा जागेत नर एकमेकांसमोर रंग दाखवत नाहीत, नुसते दचकत राहतात, आणि दचकलेला रेनबो एक तर फिका पडतो नाही तर वर उडतो. तुझे जे दोन बाहेर पडले, ते बहुतेक रात्री दिवा एकदम लागला किंवा विझला तेव्हाच. झाकण होतं का, ते तू लिहिलं नाहीस. नसणारच.

उडीचं मला सांगू नको. माझा पहिला बोसमनी (हाही रेनबोच, पण मोठ्या जातीचा) नर असाच गायब झाला होता. मी महिनाभर म्हणत होतो की झाडांत मेला असेल, गोगलगाईंनी खाल्ला असेल. दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवलं तर मागे तो पापडासारखा वाळलेला. आमच्या हिनं सुपलीत घेऊन समोर धरला, "सुकट घरातच करूलालाय की काय?" त्या दिवसापासून आमच्या घरात एकही टँक बिनझाकणाचा नाही. काचेचं झाकण, वायर जाते त्या कोपऱ्यालाही जाळी. बोटभर फटीतूनही जातात.

तर तीन फुटी टँक घे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी भरतं साधारण १३० लिटर, काच आठ मिलिमीटरची घे. उंची वाढवण्यात पैसे घालू नको, हे मासे वरच्या-मधल्या थरातच पळतात. रुंदी मात्र फुटापेक्षा कमी नको, नाही तर मागे झाडं लावल्यावर पुढे पट्टीच उरते. आणि तुझं घर जुनं, लाकडी माडीचं असेल तर टँक खालीच ठेव. काच, वाळू, दगड, पाणी मिळून दीडशे किलोच्या पुढे जातं आणि ते रोज, चोवीस तास, एकाच जागी असतं.

आता मांडणी. मागच्या काचेला काळा किंवा गडद निळा कागद चिकटव. पांढऱ्या भिंतीसमोर कुठलाही मासा फिकाच दिसतो, आणि तो स्वतःही अंग फिकं करतो. मागच्या बाजूला पूर्ण लांबीभर वॅलिस्नेरिया. हे झाड तुझ्या पाण्यासाठीच जन्मलंय असं समज, कारण त्याला जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेता येतो. ज्याच्या घरी बोअरचं पाणी त्याच्या घरी वॅलिस्नेरिया गवतासारखं माजतं. फक्त बाटलीतला लिक्विड कार्बन त्यात घालू नको, पानं विरघळून जातात. मी एकदा डोस दिला आणि आठवड्यात सगळं सपाट, वरून बाटलीचे पैसे गेले ते वेगळेच. दोन्ही टोकांना लाकडावर बांधलेलं जावा फर्न आणि अनुबियास. ही दोन्ही मुळं गाडून लावायची नाहीत, खोड कुजतं. एका कोपऱ्यात हॉर्नवर्टचा झुबका तरंगता ठेव. बाकी पुढचा निम्मा भाग आणि मधली पूर्ण लांबी रिकामी. नुसती वाळू. फारच मोकळं वाटलं तर पुढे बुटकी क्रिप्टोकोरिन लाव, बोटभर उंचीची, त्यावरून मासे पळू शकतात.

क्रिप्टोकोरिनचं निघालंच म्हणून सांगतो. या झाडाच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्याच आहेत, ओढ्याकाठी दिसतात. दिसल्या तर फोटो काढ. उपटून आणू नको. त्यांची मुळं त्या चिखलात मुरलेली असतात, टँकमध्ये आणल्यावर बहुतेक वेळा विरघळतात, आणि ओढाही उजाड होतो. तळ्यातली हायड्रिला आणणार असशील तर तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेव. तिच्यात चतुराची अळी लपून येते. ती पिल्लंच काय, छोटा मासाही धरून खाते.

तळाला मी खानापूरकडची जांभी माती वापरतो. लोह भरपूर असतं, झाडं लाल-हिरवी तरतरीत राहतात. चाळून, भिजवून, वरचा कचरा काढून इंचभर थर, त्यावर दीड इंच धुतलेली वाळू. माती उघडी राहिली तर रेनबोंच्या पळापळीत पाणी चहासारखं होतं. काळा दगड बेलाशक टाक, बेसॉल्ट पाण्यात काही सोडत नाही. शहाबादी फरशीचे तुकडे मात्र चुनखडीचे असतात, पाणी हळूहळू आणखी जड करतात. तुझ्या पाण्याला त्याची गरज नाही.

रंगाचं आता नीट सांगतो, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे. या माशाच्या अंगावर दोन प्रकारचे रंग आहेत आणि दोघांचं गणित वेगळं आहे. अंगावरचा निळा हा रंगद्रव्याचा निळा नाही. खवल्यांखालच्या पेशींत बारीक स्फटिक असतात, त्यांवर प्रकाश पडून परत फिरतो तेव्हा निळा दिसतो. मोराच्या पिसासारखं. प्रकाश डोक्यावरून सरळ खाली आला तर तो निळा तुझ्या डोळ्यापर्यंत पोचतच नाही. दिवा पुढच्या काचेकडे सरकव, मग बघ. दुकानात दिवा पुढे असतो, मागे काळं असतं, आणि एका टँकमध्ये पन्नास नर एकमेकांना छाती दाखवत असतात. तुझ्याकडे हे तिन्ही नव्हतं. सकाळचं कोवळं तिरकं ऊन अर्धा तास टँकवर पडत असेल तर तुझ्यासारखा भाग्यवान तूच. त्या उन्हात नर जे चमकतात ते कुठल्याही एलईडीनं जमत नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त ऊन मात्र नको, शेवाळ धरतं. बाकी दिवा रोज सात तास पुरे.

परांचा लाल रंग मात्र खाण्यातून येतो. तो कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्याचा, आणि मासा ते अंगात तयार करू शकत नाही. नुसत्या स्वस्त गोळ्यांवर ठेवलास तर सहा महिन्यांत लाल पर विटकरी आणि मग पिवळट होतात. स्पिरुलिना असलेलं खाणं रोज एकदा दे. आठवड्यातून तीन-चारदा काहीतरी जिवंत किंवा गोठवलेलं, म्हणजे डाफ्निया, मॉइना, आर्टेमिया असले पाण्यातले बारीक जीव. बाजारातला जवळाही चालतो, पण तो खारा असतो. तासभर भिजवून, दोन पाण्यांनी धुऊन, मग चुरून. चुरणं महत्त्वाचं, कारण रेनबोचं तोंड मोठं दिसलं तरी गळा अरुंद असतो. गटारातला ट्यूबिफेक्स, म्हणजे ते लाल बारीक किडे, आणू नको, कितीही धुतला तरी.

डासाच्या अळ्या हे यांचं सगळ्यात आवडतं खाणं आणि पावसाळ्यात ते फुकट मिळतं. पण पिंप भरून अळ्या वाढवायच्या तर रोज, न चुकता, जाळीनं गाळून काढायच्या. एक दिवस चुकलास तर शेजारच्या घरात डेंग्यू. मी आता हा उद्योग सोडलाय. त्याऐवजी गच्चीवर हिरव्या पाण्याच्या टबात मॉइना ठेवतो, वर नायलॉनची जाळी.

आता पाणी. टीडीएस ४८० म्हणजे पाण्यात एकूण काहीतरी विरघळलेलं इतकं आहे, एवढंच. काय विरघळलंय ते मीटर सांगत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर प्रीकॉक्सला त्याची तक्रार नाही. तुझ्या दुकानातले मासे नदीतून पकडलेले नाहीत, फार्मवर वाढलेले आहेत, आणि सात ते आठ पीएचच्या मध्यम जड पाण्यात मजेत राहतात. आरओचं पाणी नुसतं टाकलंस तर त्यात पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही, आठवड्यात तो घसरतो आणि मासे एका रात्रीत जातात. शिवाय एक लिटर चांगल्या पाण्यामागे घरगुती आरओ दोन-तीन लिटर वाया घालवतो. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात माशांसाठी ते करायला माझं मन घेत नाही.

पण दोन गोष्टी तपास. पहिली नायट्रेट. तुमच्याकडे चहूकडे ऊस आणि तंबाखू. खताचा नायट्रोजन झिरपून बोअरमध्ये उतरू शकतो. थेंबांची टेस्ट किट येते, तिनं टँकचं नको, थेट बोअरचं पाणी मोज. तिथंच चाळीसच्या वर आकडा आला, तर तू कितीही पाणी बदल, नायट्रेट कमी होणार नाही, कारण तू तेच ओततोयस. तसं असेल तर नळाचं पाणी अर्धं मिसळ. निपाणीला जवाहर तलावाचं पाणी येतं, आम्हाला राकसकोप आणि हिडकलचं. दोन्ही धरणाची पाणी, बोअरपेक्षा हलकी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की मात्राही वाढलेली असू शकते. बादलीत एअरस्टोन लावून रात्रभर ठेव, नाही तर अँटिक्लोरीनचे थेंब टाक.

दुसरी गोष्ट पीएच, आणि ती अमोनियासोबत वाचायची. पीएच सातवरून आठवर गेला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहा पट होतो. म्हणजे बंगळूरच्या एखाद्या माणसाच्या मऊ पाण्यात जो नवा टँक खपून जातो, तोच बोअरच्या पाण्यात मासे मारतो. जड पाणी मारत नाही, कच्चा टँक मारतो, म्हणजे ज्यात अमोनिया खाणारे जिवाणू अजून बसलेले नाहीत असा. नवा तीन फुटी लावलास की तुझ्या जुन्या टँकमधला फिल्टरचा स्पंज न धुता, जिवाणूंसकट त्यात लाव आणि मासे दोन-दोन करून तीन आठवड्यांत सोड.

आणि बोअरचं ताजं पाणी थेट टँकमध्ये कधीच ओतू नको. जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. पाणी बदलल्यावर मासे वर येऊन तोंड उघडतात, ते यामुळेच. एक दिवस हवा खाऊ दे त्याला. आमच्या टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आहे, काँग्रेस विहीर म्हणतात तिला. लहानपणी तिच्या कठड्यावरून मासे बघत बसायचो आम्ही. विहिरीचं पाणी वरून उघडं, वारा लागलेलं असतं, बोअरचं तसं नसतं, हा फरक मला फार उशिरा कळला.

विजेचं बघ. झाडं दिवसा ऑक्सिजन देतात आणि रात्री तीच घेतात. भरगच्च झाडांचा टँक रात्री वीज गेली की रिकाम्या टँकपेक्षा लवकर गुदमरतो. तुझा तिसरा मासा त्यात गेला. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घे, वीज गेली की आपोआप सुरू होणारा मिळतो. फिल्टर मी स्पंजचाच सांगेन, दोन, दोन्ही टोकांना. डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल आणि तो सात-आठ तास बंद राहिला, तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नको. आतले जिवाणू मेलेले असतात आणि ते सडकं पाणी थेट माशांवर येतं. उघड, टँकच्याच पाण्यात हलकं धू, मग चालू कर.

थंडीत हीटर लागतो. लोक म्हणतात बेळगाव उष्णकटिबंधात आहे, हीटर कशाला. त्यांनी जानेवारीत पहाटे पाच वाजता टँकमध्ये हात घालून बघावा. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास राहतो, निपाणी थोडी खाली. घरातलं पाणी अठरा-एकोणीसवर उतरतं. मासे मरत नाहीत लगेच, पण महिनाभर सुस्त राहतात आणि फेब्रुवारीत पांढरे ठिपके किंवा तोंडावर कापूस घेऊन उभे राहतात. दर लिटरला एक वॉट धर, १३० लिटरला १००-१५० वॉट, आणि २५ वर ठेव. एप्रिल-मेमध्ये उलट, झाकणाच्या जाळीवरून छोटा पंखा फिरव, दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र जास्त उडतं, ते रोज भरत राहा. तिथं तेवढं आरओचं किंवा पावसाचं पाणी वापरलंस तर माझी हरकत नाही, कारण उडतं ते पाणीच, क्षार मागेच राहतात.

संख्या. सहा नको, आठ-दहा घे. त्यात तीन-चार नर आणि बाकी माद्या. नर ओळखायला सोपा, अंग उंच, पर लालभडक. मादी सडपातळ, पर पिवळट-नारिंगी. दुकानात गेलं की सगळे रंगीत नर उचलतात, तूही तेच केलं असणार. नुसते नर ठेवले की सुरुवातीला भांडतात, मग एकजण दादा होतो आणि बाकीचे कोपऱ्यात फिके. माद्या असल्या की रोज सकाळी सगळेच नटतात. दुकानातला सगळ्यात फिका, चांदीसारखा लहान मासा घ्यायला घाबरू नको, आठ-दहा महिन्यांत तो रंग धरतो. बघायचं ते वेगळंच, कणा सरळ आहे का, तोंड नीट मिटतं का, पोट आत गेलेलं नाही ना. फार्मवर पिढ्यान् पिढ्या एकाच रक्तातून पैदास झाल्यामुळे वाकड्या कण्याचे बरेच येतात. आणि आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या टबात, सगळ्यांसाठी हाच नियम.

रेनबोंमध्ये माशांचा क्षय येतो, मायकोबॅक्टेरियाचा. मासा खातो पण वाळत जातो, कणा वाकतो, अंगावर जखम दिसते. औषध भरवशाचं नाही. असा मासा वेगळा काढ, आणि हाताला कापलं-खरचटलं असेल तर टँकमध्ये हात घालू नको, माणसाच्या कातडीलाही तो लागू शकतो. पाइप तोंडानं ओढून पाणी काढायची सवय असेल तर आजच सोड. मी वीस वर्षं ओढलं, नशीब म्हणायचं.

दोन जातींचे मेलानोटेनिया एकत्र ठेवू नको. माद्या सारख्याच दिसतात आणि संकर होतो. मी बोसमनी आणि दुसरी एक मोठी जात एकत्र ठेवली होती. पिल्लं झाली, वाढली, आणि रंग आला धुतलेल्या खाकी पँटचा. बोसमनी हा पापुआच्या पश्चिम टोकाच्या आयामारू तळ्यांचा मासा, पुढे निळा मागे केशरी. तिथली जमीन चुनखडीची, त्यामुळे जड पाणी त्याला घरच्यासारखं. पण तो दहा सेंटीमीटर होतो, त्याला चार फूट लागतात. तुझ्या तीन फुटांत नको.

दोन फुटी टँक आता रिकामा राहील, तर त्यात फोर्कटेल ब्लू-आय ठेव. पूर्व पापुआ न्यू गिनीचा, पाच सेंटीमीटरचा, पिवळे पर, निळे डोळे, आणि जड पाणी चालतं. लोक तुला थ्रेडफिन दाखवतील, लांब दोऱ्यासारखे पर उचलून नर निशाण फडकवतात, बघत राहावंसं वाटतं. पण त्याला मऊ पाणी, संथ पाणी आणि कणाएवढं खाणं लागतं. स्पॉटेड ब्लू-आयचंही तेच. ते कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसानं ठेवावेत, त्यांच्याकडे पहिले चार पाऊस सोडून कौलावरचं पाणी पिंपात धरलं की वर्षभराची सोय. थोडं बोअरचं मिसळायचं, अगदी कोरं पावसाचं नको. तुझ्याकडे ते झगडत बसतील.

पिल्लांचं थोडक्यात. गडद हिरव्या ॲक्रिलिक लोकरीचा झुबका बांधून टाक, किंवा जावा मॉस. सकाळी मादी रोज थोडी थोडी अंडी त्यात चिकटवते, अंड्याला बारीक धागा असतो. झुबका काढून वेगळ्या भांड्यात, २५-२६ अंशांवर आठवडाभरात किंवा दोन-तीन दिवस जास्त घेऊन पिल्लं सुटतात. ती पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून असतात आणि इतकी बारीक की आर्टेमियाही पहिले काही दिवस गिळवत नाही. हिरवं पाणी लागतं. गच्चीवरचा टब इथं कामाला येतो. वाढ कासवाची, घाई करू नको. जास्त झाली तर वाटून टाक, पण वेदगंगा-दूधगंगेत किंवा गावच्या विहिरीत सोडू नको.

या आठवड्यात एवढंच कर. उरलेल्या तिघांच्या टँकवर झाकण, मागे काळा कागद, दिवा पुढे, मधली झाडं काढून बादलीत. मग बोअरच्या पाण्याचा नायट्रेटचा आणि पीएचचा आकडा मला कळव. पीएच मोजताना पाणी एक दिवस उघडं ठेवून मोज, ताजं मोजलंस तर आकडा खोटा कमी येईल. टँकची काच घ्यायला बेळगावला येणार असशील तर आदल्या दिवशी सांग, वॅलिस्नेरिया उपटून ठेवतो. माझ्याकडे तणासारखं माजलंय.